पुस्तकं देताय तर पळीभर तेलही द्या

आमच्या कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या घराचा माळा या उन्हाळ्यात रिकामा करायचाय आणि आजोबांच्या गणिताच्या पुस्तकांचं काय करायचं यावर घरात जी चर्चा किती दिवस चालली होती ती एकदाची मिटली. पुस्तकं एका गणित संशोधन केंद्राला जाणार, आजोबांच्या गुरुजींचं तैलचित्र पण जवळजवळ तिकडंच. केंद्राचं नाव आत्ता लिहीत नाही, कागदपत्रं व्हायची आहेत अजून. पण हे ग्रुपवर सांगितल्यापासून इतक्या जणांनी विचारलं की आमच्याकडं पण वडिलांची पुस्तकं हायत, कोण घेतं का, कसं द्यायचं, की प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

आजोबा हायस्कूलला गणित शिकवायचे. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत काय काय निघालं तर गोखल्यांचं अंकगणित (हो, तेच गोपाळ कृष्ण गोखले, शिक्षण कागलला आणि मग आपल्या राजाराम कॉलेजात झालेले, त्यांनी शाळेसाठी अंकगणिताचं पुस्तक लिहिलं होतं आणि ते पिढ्यान् पिढ्या चाललं), हॉल अँड नाइटचं बीजगणित, लोनीची त्रिकोणमिती, शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा १८९६ सालचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा मराठी ग्रंथ, पुण्याच्या आनंदाश्रमाने १९३७ ला छापलेली लीलावती, म्हणजे भास्कराचार्यांचा गणिताचा ग्रंथ, दोन्ही भाग, गणेश दैवज्ञाच्या बुद्धिविलासिनी टीकेसकट. आणि त्यांच्या स्वतःच्या हाताने लिहिलेल्या वह्या, लांबट, खाकी पुठ्ठ्याच्या, दोऱ्याने शिवलेल्या.

पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं की हे सगळंच दुर्मिळ. जुनं म्हणजे दुर्मिळ असं आपल्याला वाटतं पण तसं नसतं. केंद्रातल्या ग्रंथपाल मॅडमनी यादी बघून सांगितलं की हॉल अँड नाइट आणि लोनी आमच्याकडे आहेत, आणि ती पुस्तकं आजही छापली जातात, ती शाळेला द्या. दीक्षित चालतील. पण लीलावतीचे आतले फोटो बघितल्यावर त्यांचा आवाजच बदलला, म्हणाल्या याच्या समासात हे कुणी लिहिलंय?

आजोबांनी लिहिलंय. ती लीलावती त्यांनी आयुष्यभर शिकवायला वापरली. सिलॅबसमध्ये ती कधीच नव्हती, पण शनिवारी सकाळची शाळा सुटली की थांबतील त्या पोरांना ते त्यातली उदाहरणं घालायचे. ते वाऱ्यानं मोडलेल्या वेळूचं उदाहरण बऱ्याच जणांनी ऐकलं असेल, ३२ हात उंच वेळू वाऱ्यानं मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला, तर तो किती उंचीवर मोडला? उत्तर १२ हात. त्याच्या शेजारी पेन्सिलीनं लिहिलंय, "वेळूऐवजी नारळ म्हणावे, लवकर समजते." खाली वर्ष, आणि ज्या पोरानं आकृती न काढता तोंडी उत्तर दिलं त्याच्या नावाची आद्याक्षरं. अशी जवळजवळ प्रत्येक पानावर. कुठल्या उदाहरणाला पोरं कुठं अडतात, कुठली वेगळी रीत कुणाला सुचली. एका ठिकाणी तर चक्क लिहिलंय की ही रीत माझ्या रीतीपेक्षा बरी. कोल्हापुरातल्या एका साध्या हायस्कुलात पोरं गणित कशी शिकत होती याचा असा पुरावा दुसरीकडं कुठं मिळणार? छापलेली लीलावती पुण्यात चार ठिकाणी सापडेल, ही एकच आहे.

म्हणून पहिली गोष्ट ही की पुस्तक द्यायच्या आधी "साफ" करू नका. माझ्या ओळखीतल्या एकांनी वडिलांची पुस्तकं देताना आतली पेन्सिल खोडून, नवं बाइंडिंग करून, कडा कटिंग करून दिली, अगदी प्रेमानं केलं हो सगळं, पण जे द्यायचं होतं तेच गेलं.

समासातल्या लिखाणाची किंमत काय असते त्याचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण फर्मा या फ्रेंच गणितज्ञाचं. त्याच्याकडे डायफँटस या प्राचीन ग्रीक गणितज्ञाच्या अरिथ्मेटिका या ग्रंथाची १६२१ ची बाशेनं काढलेली आवृत्ती होती. तिच्या समासात त्यानं एक प्रमेय मांडून लिहून ठेवलं की याची एक सुंदर सिद्धता मला सापडलीय पण या समासात ती मावणार नाही. पुढं साडेतीनशे वर्षं जग त्या एका वाक्यामागं होतं, अँड्र्यू वाइल्सची सिद्धता १९९५ ला छापून आली तेव्हा कुठं ते संपलं. पण मला यातली दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. फर्माची ती मूळ प्रत आज कुठंच नाही, हरवली. आपल्याला ते वाक्य माहीत आहे ते फक्त त्याच्या पोरानं, सॅम्युएलनं, बाप गेल्यावर १६७० साली ते पुस्तक बापाच्या टिपांसकट परत छापलं म्हणून. पोरानं रद्दीत घातलं असतं तर फर्माचं शेवटचं प्रमेय नावाची गोष्टच नसती.

आणि रामानुजनची हरवलेली वही. ती नुसती आठवली तरी माझ्या पोटात गोळा येतो. रामानुजन १९२० ला गेला, त्याच्या शेवटच्या वर्षातली पानं फिरत फिरत बर्मिंगहॅमच्या वॉटसन या गणितज्ञाकडे आली. वॉटसन १९६५ ला वारला. त्याच्यावर मृत्युलेख लिहायला म्हणून व्हिटकर त्याच्या घरी गेला तर अभ्यासाच्या खोलीत जमिनीवर फूटभर उंच कागदांचा ढीग, आणि ते सगळं काही दिवसांत जाळून टाकायचं ठरलेलं! त्यातून हाताला लागले ते कागद बाहेर काढले, मग रँकिन यांनी लावून १९६८ च्या डिसेंबरात केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या लायब्ररीत पाठवले, आणि तिथं १९७६ ला जॉर्ज अँड्र्यूजना ती वही दिसली. शंभराहून जास्त पानं. आजही त्यातल्या सूत्रांवर लोक काम करतात. घरच्यांचं काही चुकत होतं असं नाही, त्यांना काय कळणार कुठला कागद कसला, आपल्याला तरी कुठं कळतं.

दुसऱ्या बाजूनं बघा, रामानुजनच्या हातात शाळकरी वयात जे पुस्तक पडलं, कार नावाच्या इंग्रजानं लिहिलेलं, ते काही दुर्मिळ वगैरे नव्हतं, केंब्रिजच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांसाठी केलेली हजारो सूत्रांची जंत्री होती, कुंभकोणमच्या कॉलेजच्या लायब्ररीतून आणलेली. म्हणून आमचं हॉल अँड नाइट आणि लोनी शाळेला गेलं तर मला त्यात काही कमी वाटत नाही. उलट बरं वाटतं.

आता तैलचित्राबद्दल.

आमच्या माजघरात एक चित्र होतं, पगडी, उपरणं, हातात खडू नाही पण बोटांना खडू लागलेला, चित्रकारानं तो अगदी बारीक पांढऱ्या फटकाऱ्यात दाखवलाय. लहानपणी आम्ही समजायचो की हे पणजोबा. दसऱ्याला हार पण घालायचो! ते पणजोबा नव्हेतच, ते आजोबांचे गणिताचे गुरुजी आहेत, हे आत्यानं सांगितलं आणि तेही मी सहज विचारलं म्हणून. आत्या म्हणाली, "अगं मी बघितलंय की गुरुजींना, मी लहान होतो तवा यायचे घरी, दादा (म्हणजे आजोबा) त्यांच्यासमोर खाली बसायचे, खुर्चीवर न्हाई. ते चित्र गुरुजींच्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून करून घेतलंय." आत्या आता नव्वदीच्या घरात आहे. तिला विचारलं नसतं तर ते चित्र "अनोळखी गृहस्थ" म्हणून गेलं असतं.

चित्रकाराची सही कोपऱ्यात आहे पण वाचता येत नाही. कोल्हापुरात त्या काळी चांगली व्यक्तिचित्रं करणारे हात कमी नव्हते, आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी ही झाली मोठी नावं, त्यांच्याकडं शिकून बाहेर पडलेले कितीतरी जण वकिलांची, मास्तरांची, पैलवानांची पोर्ट्रेट करून द्यायचे. त्यातल्याच कुणाचं तरी असेल एवढंच मी म्हणेन, त्याहून पुढं जाऊन मोठं नाव चिकटवायचा मोह आमच्या एका काकांना झाला होता, तो आम्ही सगळ्यांनी मिळून थांबवला.

कारण चुकीचं नाव एकदा चिकटलं की निघत नाही. लजांद्र नावाचा फ्रेंच गणिती, एवढा मोठा माणूस, त्याचं म्हणून एक चित्र कित्येक पिढ्या जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत छापलं जात होतं, आणि २००५ मध्ये लक्षात आलं की अरे हा तो नव्हेच, हा लुई लजांद्र, फ्रेंच राज्यक्रांतीतला राजकारणी, आडनाव सारखं एवढंच! मग खऱ्याचं चित्र शोधायला लागले तर मिळालं काय, १८२० च्या सुमाराचं एक जलरंगातलं व्यंगचित्र, बस्स. त्या माणसाचा आपल्याकडं असलेला चेहरा तेवढाच.

रामानुजनचा चेहरा आपल्याला माहीत आहे तोही असाच थोडक्यात वाचलेला. रामानुजनला केंब्रिजला बोलावून घेणाऱ्या हार्डीला त्याचा चांगला फोटो हवा होता, तर खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर १९३६ ला भारतात आले तेव्हा त्यांनी रामानुजनच्या पत्नीला, जानकींना, शोधून काढून विचारलं आणि त्यांच्याकडं जुना पासपोर्ट निघाला. त्यावरचा तो फोटो. तिकिटावर, पुस्तकांवर, शाळांच्या भिंतींवर जो दिसतो तो. पुढं जानकी म्हणाल्या की नवऱ्याचा पुतळा करू असं सांगितलं होतं तो कुठं झाला, तर रिचर्ड आस्की या अमेरिकन गणितज्ञानं जगभरच्या गणितवाल्यांकडून पैसे गोळा केले आणि पॉल ग्रॅनलंड या शिल्पकारानं १९८३ ला त्या पासपोर्टच्या फोटोवरूनच अर्धपुतळा केला.

म्हणून घरातल्या प्रत्येक जुन्या चित्रामागं, फोटोमागं नाव लिहा. पेनानं नको, पेनाची शाई पुढं झिरपते, मऊ पेन्सिलीनं, आणि तैलचित्र असेल तर कॅनव्हासवर नको, चौकटीच्या लाकडावर. कोण, कुठलं, अंदाजे कधी, आणि हे कुणी सांगितलं. "आत्यानं सांगितलं" हे पण लिहायचं, कारण उद्या कुणाला तपासायचं झालं तर माहिती कुठून आली ते कळलं पाहिजे. जर्मनीत ओबरवोल्फाख म्हणून गणित संशोधन संस्था आहे, ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरात, १९४४ ची, तिथला गणितज्ञांच्या फोटोंचा संग्रह फार मोठा आहे, त्याचा पाया म्हणजे कोनराड याकोब्स या एका प्राध्यापकानं जमवलेले फोटो. त्यात फोटोखाली नाव, साल, जागा. म्हणून तो संग्रह उपयोगाचा.

आता ज्यासाठी एवढं लिहायला घेतलं तो मुद्दा. चाळीसगावजवळ पाटण आहे, पाटणादेवी म्हणतात, तिथं एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाडांनी तो १९ व्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्य ज्यांनी लीलावती लिहिली, जन्म १११४, त्यांचा नातू चांगदेव. हा यादव राजा सिंघण याच्या दरबारचा मुख्य ज्योतिषी. त्यानं पाटणला मठ काढला, कशासाठी तर आजोबांचे ग्रंथ, सिद्धांतशिरोमणी वगैरे, आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ तिथं नियमानं शिकवले जावेत म्हणून. आणि निकुंभ घराण्यातला तिथला सामंत सोइदेव, त्यानं शके ११२८ म्हणजे इ. स. १२०७ ला श्रावणातल्या ग्रहणाच्या दिवशी या मठाला दान दिलं. म्हणजे गणित आणि ज्योतिषाच्या केंद्राला दिलेलं दान, आठशे वर्षांपूर्वी, आपल्या महाराष्ट्रात, दगडावर लिहिलेलं!

लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे, घराण्याची स्तुती वगैरे. पण शेवटी दानाचा तपशील आला की भाषा मराठी होते, कारण तो तपशील बाजारातल्या माणसाला कळायला हवा होता. आणि तो तपशील वाचताना मी अक्षरशः खुर्चीत सरळ होऊन बसले. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावर राजाचा जो वाटा, तो मठाला. गिऱ्हाईकाकडून पाच पोफळं. जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांकडून पळी पळी तेल. जे मोजायचं ते मठाच्या मापानं मोजायचं, मोजणावळ अर्धी मठाला आणि अर्धी मोजणाऱ्याला.

लक्षात आलं का? त्यांनी ग्रंथ दिले आणि वर एक रकमी देणगी दिली असं नाही केलं. रोज संध्याकाळी मठात दिवा लागणार, त्याला तेल लागणार, शिकणाऱ्या पोरांना जेवायला लागणार, शिकवणाऱ्याच्या घरी चूल पेटली पाहिजे, हे त्यांना माहीत होतं. म्हणून बाजारातल्या रोजच्या देण्याघेण्यातून थोडं थोडं. तेल्यानं पळीभर, गिऱ्हाईकानं पाच सुपाऱ्या. त्या तेल्याला लीलावती वाचता येत होती का? बहुतेक नसेल. पण त्याच्या तेलावर कुणीतरी रात्री ती वाचत होतं.

हे वाचल्यापासून माझं मत पक्कं झालंय की नुसती पुस्तकं देणं हे अर्धं दान आहे. आपण खोकी पोचवतो, फोटो काढतो, शाल श्रीफळ होतं, आणि मागं त्या ग्रंथपालाच्या डोक्यावर काम पडतं. दाखल क्रमांक घालायचा, यादी करायची, कसर आणि वाळवीची तपासणी, ॲसिड नसलेल्या कागदाच्या पेट्या, स्कॅनिंग, पावसाळ्यात खोलीतली ओल कमी ठेवायची, याला सगळ्याला पैसा लागतो आणि माणूस लागतो. एका ठिकाणी, नाव घेत नाही, मी स्वतः बघितलंय की मोठ्या प्रेमानं दिलेला संग्रह सुतळी न सोडता तसाच कोपऱ्यात पडून होता. तिथल्या बिचाऱ्या कर्मचाऱ्याला मी काय बोलणार, एकटा माणूस सगळं बघत होता.

आणि हे फक्त आपल्याकडं होतं असं नाही हं. स्वीडनमध्ये मिटाग-लेफ्लर नावाचा गणिती होता, ॲक्टा मॅथेमॅटिका हे नामांकित नियतकालिक त्यानंच १८८२ ला सुरू केलं. त्यानं १९१६ ला, आपल्या सत्तराव्या वाढदिवशी, मृत्युपत्र जाहीर केलं की स्टॉकहोमजवळचा आपला बंगला आणि आपली प्रचंड लायब्ररी, दुर्मिळ ग्रंथांसकट, सगळं गणिताच्या संशोधनासाठी. केवढं मन लागतं त्याला. पण पहिल्या महायुद्धानंतर त्याची संपत्ती गेली. बंगला राहिला, पुस्तकं राहिली, संस्था चालवायला पैसे नाहीत. खऱ्या अर्थानं तिथं संशोधनाचं काम सुरू झालं ते १९६९ ला, कार्लेसन या गणितज्ञानं नव्यानं पैसा उभा केला तेव्हा. पन्नासहून जास्त वर्षं! पुस्तकं होती, तेल नव्हतं.

आता काकांचा मुद्दा, जो मला आजही पूर्ण खोडता येत नाही. काका म्हणाले कोल्हापूरची वस्तू कोल्हापुरातच राहू दे, बाहेर कशाला? बरोबरच आहे ते. आपल्याकडं करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. विद्यापीठात वि. स. खांडेकरांचं संग्रहालय किती जिव्हाळ्यानं केलंय. चंद्रकांत मांडऱ्यांनी तर राजारामपुरीतला आपला बंगलाच चित्रांसकट शासनाला देऊन टाकला. आणि गणितात कोल्हापूर कुणाच्या मागं आहे? विष्णू वासुदेव नारळीकर इथले, १९०८ चा जन्म, रँग्लर, बनारसला गणित विभागाचे प्रमुख. जयंत नारळीकरांचा जन्म इथलाच, १९३८ चा. त्यांचे मामा वसंतराव हुजूरबाजार, मोठे संख्याशास्त्रज्ञ, तेही कोल्हापूरचेच. दुसरे मामा मोरेश्वर हुजूरबाजार बनारसला भाच्याकडं राहायला होते तेव्हा घरातल्या फळ्यावर त्याच्यासाठी आव्हान म्हणून गणित लिहून ठेवायचे आणि ते सुटेपर्यंत पुसायचे नाहीत. राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवणारे आ. ने. उपाध्ये, त्यांनी हिरालाल जैनांबरोबर तिलोयपण्णत्ती संपादित केली, पहिला भाग १९४३ ला सोलापुरातून निघाला. प्राकृतातला जुना जैन ग्रंथ, विश्वरचनेचा, पण आत गणित किती! महावीराचार्यांचा गणितसारसंग्रह हिंदी अनुवादासह १९६३ ला सोलापुरातूनच निघाला, त्या ग्रंथमालेचेही हेच दोघं संपादक. मठांनी, मंदिरांनी सांभाळलेल्या पोथ्या अभ्यासकांना बघायला दिल्या म्हणून हे ग्रंथ छापून सगळ्यांपर्यंत आले. तर काकांचं म्हणणं असं की एवढं सगळं असताना वस्तू पुण्यामुंबईला का पाठवायची.

शेवटी मध्यम मार्ग काढला. मूळ प्रती केंद्राकडं, कारण तिथं थंड कोरडी खोली आहे, गणिताचा इतिहास अभ्यासणारी पोरं रोज येतात, आणि समासातली टीप वाचून त्यातलं गणित कळणारं माणूस तिथं आहे. पण सगळ्याचं स्कॅनिंग करून एक पूर्ण संच कोल्हापुरात राहणार, आणि तो कुणालाही बघता येणार, हे दानपत्रात लिहून घ्यायचं. काकांनी स्वतः ती अट मराठीत लिहून काढली, वकिलापेक्षा सुंदर.

दानपत्राचा विषय निघालाच आहे तर, ते करायचंच, तोंडी देऊन मोकळं व्हायचं नाही. आत यादी जोडायची, प्रत्येक वस्तूची अवस्था लिहायची, आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते की हस्तलिखित वही दिली म्हणजे तिचा कॉपीराइट दिला असं होत नाही, छापून न आलेल्या लिखाणाचा तो लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतरही वारसांकडं असतो, म्हणून स्कॅन करून सगळ्यांना खुलं करायला वारसांची वेगळी लेखी परवानगी लागते. आमच्यात सगळ्या भावंडांच्या सह्या घेतल्या. अमेरिकेतला चुलतभाऊ म्हणत होता की तिकडच्या एका युनिव्हर्सिटीला द्यायचं का, मी जाऊन देतो, तर त्याला सांगावं लागलं की आपल्याकडं १९७२ चा पुरावशेष कायदा आहे, ७५ वर्षांहून जुनं महत्त्वाचं हस्तलिखित असलं तर बॅगेत घालून असं देशाबाहेर नेता येत नाही. तो समजूतदार आहे, उलट स्कॅनिंगचा खर्च त्यानं घेतला.

पॅकिंगबद्दल थोडक्यात, कारण यावर खूप प्रश्न आले. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, ती पिवळी पडून कागद खाते. लॅमिनेशन अजिबात नको. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्या कागदातच ॲसिड असतं, आणि १९ व्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या कागदात ते मुळातच असल्यामुळं त्या काळची पुस्तकं हात लावला की तुटतात. धुतलेल्या सुती फडक्यात बांधा, आपल्या पोथ्या लाल फडक्यात बांधायची पद्धत होती ती चांगलीच होती. टाचण्या, स्टेपल काढा, गंजतात. तैलचित्र ओल्या फडक्यानं पुसू नका. आणि पूर. कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको, पंचगंगेची ४३ फुटांची धोका पातळी आणि २०१९ ला पाणी ५५ च्या वर गेलेलं, कितीतरी घरांतली पुस्तकं त्या चिखलात गेली. भिजलेलं पुस्तक उन्हात टाकू नका, पानं चिकटतात आणि वाकतात. पंख्याखाली उभं करून मध्ये मध्ये टिपकागद, आणि लगेच जमणार नसेल तर चक्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये, बुरशी दोन दिवसांत धरते, गोठवलं की थांबते, मग सवडीनं जाणकाराकडून वाळवून घेता येतं.

आता तेलाचं. आत्यानं सगळ्यात आधी विषय काढला. "पुस्तकं देतोय तर त्यांच्या खर्चापाण्याचं बघायला नगं व्हय? मी देतो माझ्या पेन्शनमधलं." मग प्रत्येकानं आपापल्या परीनं घातलं, पुतणीनं पहिल्या पगारातले घातले, आणि ती रक्कम केंद्राकडं ठेव म्हणून ठेवायची, व्याजातून फक्त या आणि अशा समासात लिहिलेल्या शाळामास्तरांच्या पुस्तकांची देखभाल. फक्त आमच्याच नव्हे, हे मुद्दाम घातलंय. आजोबांसारखे मास्तर महाराष्ट्रात कितीतरी होऊन गेले, देवळालीचे कापरेकर शाळामास्तरच होते की, ६१७४ या आकड्यानं त्यांचं नाव आज जगात घेतलं जातं. त्यांच्यासारख्यांच्या वह्या कुठं कुठं पडून असतील कुणास ठाऊक. रक्कम मोठी नाही. पण केंद्राच्या लोकांनी सांगितलं की पुस्तकांबरोबर देखभालीचे पैसे देणारं घर क्वचित येतं, आणि त्यामुळं आमची खोकी रांगेत न थांबता लगेच उघडतील.

राहिलं तैलचित्र. ते वर्गणीतून झालेलं, आमच्या घरी आलं ते आजोबा विद्यार्थ्यांत थोरले म्हणून, तेव्हा ते आमचं आहे असं मला मनापासून म्हणता येत नाही. गुरुजींचे नातू गडहिंग्लजला असतात असं आत्याच्या सांगण्यावरून शोधून काढलंय, फोनवर बोलणं झालं, त्यांच्याकडं गुरुजींचा एकही फोटो नाही म्हणाले. रविवारी आत्याला घेऊन जातोय, चित्राचा मोठा प्रिंट काढून नेतोय. केंद्राला द्यायचं की गडहिंग्लजला ठेवायचं हे ते ठरवतील, केंद्रालाही तसं कळवलंय, त्यांची काही हरकत नाही. आणि ते हो म्हणाले तर चौकटीमागं जे लिहायचंय ते नातवानंच लिहावं असं आत्याचं म्हणणं आहे, पेन्सिल मी पिशवीत टाकून ठेवलीय.